खरा माका कोणता?

केस गळायला लागले की मराठी माणूस वनस्पतिशास्त्राकडे वळतो. तोवर त्याच्या लेखी झाडं दोनच: आंबा आणि इतर. पण चाळिशी ओलांडते, कंगव्यात सापडणारा ऐवज वाढतो, लग्नाकार्यातल्या फोटोंत कपाळ दर वर्षी अधिक ऐसपैस येऊ लागतं आणि मग हा गृहस्थ एके दिवशी जेवताना घास हातातच धरून विचारतो, "अगं, आपल्याकडे माका कुठे मिळेल?"

या प्रश्नाला 'ठाऊक नाही' असं उत्तर देणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. माका सगळ्यांना माहीत असतो. कुणाच्या मामाच्या गावी तो विहिरीच्या कडेला ढिगाने असतो, कुणाच्या माहेरी परसात, तर कुणी 'अहो, रस्त्यावर पडलाय नुसता!' असं म्हणून हाताने खाडीच्या बाजूची मोघम दिशाही दाखवतं. 'चला, दाखवा बरं' म्हटलं की मात्र त्याच माणसाला नेमकी दळण आणायची आठवण होते. महाराष्ट्रात नावाने इतकी प्रसिद्ध आणि चेहऱ्याने इतकी अनोळखी दुसरी वनस्पती नसेल.

याला तेलाच्या बाटल्याही कारणीभूत आहेत. बाटलीवर एक पाठमोरी बाई असते. तिचे केस पोटऱ्यांपर्यंत आलेले असतात आणि कोपऱ्यात भृंगराज म्हणून एक टपोरं पिवळंधमक फूल काढलेलं असतं. प्रत्यक्षात माक्याचं फूल पांढरं आणि करंगळीच्या नखाएवढं. चित्रकाराला तरी काय बोलणार? त्याने खरं फूल काढलं असतं तर गिऱ्हाइकाला तो छपाईतला डाग वाटला असता आणि त्याने दुसरी बाटली मागितली असती.

शिवाय प्रत्येक घरात एक आजी होऊन गेलेली असते. तिचे केस गुडघ्याच्या खाली होते आणि ते मरेपर्यंत पिकले नाहीत. याचं श्रेय माक्याच्या तेलाला. पुरावा म्हणून भिंतीवरचा फोटो दाखवतात, पण फोटोत आजींनी डोक्यावरून पदर घेतलेला असतो. त्या पदराखाली काय होतं हे आजोबांखेरीज कुणालाच माहीत नाही, आणि आजोबांच्या फोटोत पागोटं आहे.

तेलाची कृती मात्र खरी आहे आणि जुनीही. माका मुळासकट धुवायचा, वाटायचा, रस गाळायचा. तेलाच्या चौपट रस आणि पावपट चोथा हे आयुर्वेदातलं मूळ माप. तेल तिळाचं किंवा खोबऱ्याचं. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत उकळत ठेवायचं. झालं की नाही हे बघायला कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, गुमान जळली तर तेल तयार. या सगळ्याला एक आख्खी दुपार लागते. घराला तीन दिवस गवताच्या गंजीचा वास येतो आणि उश्यांचे अभ्रे जे हिरवट होतात ते पुन्हा कुठल्याही साबणाला दाद देत नाहीत. हल्लीच्या फ्लॅटमध्ये हा प्रयोग केला तर वरच्या मजल्यावरचे लोक गॅस गळतोय म्हणून फोन करतात.

आमची सोसायटी डोंबिवलीत आहे. तिथे माक्याचं प्रकरण सुरू झालं ते बँकेतून निवृत्त झालेल्या काकांमुळे. काकांचे केस नोकरीतच गेले होते; आता त्यांना इतरांचे वाचवायचे होते. वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चावरून वातावरण तापलेलं असताना त्यांनी उठून ठराव मांडला, की मागच्या भिंतीलगतच्या मोकळ्या पट्टीवर औषधी वनस्पती लावाव्यात आणि सुरुवात माक्यापासून करावी. लिफ्टचा विषय मागे पडतोय हे पाहून सेक्रेटरींनी तो तत्काळ मंजूर करून घेतला. 'माका कुणी आणायचा' असं विचारताच सगळ्यांनी हात वर केले. पुढच्या रविवारी बागेत माका म्हणून पाच वेगवेगळी झाडं जमा झाली.

काकांनी स्वतः आणली होती एकदांडी. जमिनीवर पसरणारं खोड, त्यातून वीतभर उभा नागडा देठ आणि टोकाला एकच फूल. कडेला पाच-सहा फिकट पिवळ्या पाकळ्या, प्रत्येकीला शेंड्याशी तीन दात. हिला कुणी दगडीपाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. गुडघा फुटल्यावर हिचा पाला चोळलेली मुलं आता साठीला आली आहेत. मूळची ही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची; पण इथे ती इतकी रुळली आहे की तिला परदेशी म्हणायला जीभ रेटत नाही. "अहो काका, ही एकदांडी," असं चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. काकूंचं माहेर संगमेश्वरकडचं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. काका म्हणाले, "घाटावर हिलाच माका म्हणतात." काका जन्मले गिरगावात, पण वादात ते नेहमी घाटावरचे असतात.

काकूंनी आणलेलं झाड रस्त्याच्या दुभाजकावरून उपटलेलं होतं. जाड, चकचकीत पानांची वेल आणि शेवंतीसारखी पिवळी फुलं. बाटलीवरच्या चित्राशी तंतोतंत जुळणारी! सगळ्यांनी आ वासला. ही वेडेलिया. बिल्डर, नगरपालिका आणि हॉटेलवाले यांची लाडकी, कारण ती लावायची असते, वाढवायची नसते; आपली आपण मोकाट सुटते. मूळची अमेरिका खंडातली. जगातल्या सगळ्यांत उपद्रवी अशा शंभर घुसखोर जीवांची एक प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात हिचं नाव आहे. ज्या वनस्पतीवर दुसऱ्या देशांत मोहिमा निघतात, तिला आपण दुभाजकावर टँकरने पाणी घालतो.

तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा काहीच न उपटता आला होता. त्याच्याकडे ॲप होतं. त्याने नाल्याकडेच्या एका झुडपाचा फोटो काढला. ॲपने बराच विचार करून आधी 'डेझी' म्हटलं, मग 'गाजर'. थोडक्यात ते गाजरगवत होतं. हे मात्र सगळ्यांनी ओळखलं, कारण यामुळे अर्ध्या सोसायटीला शिंका येतात. १९५० च्या दशकात पुण्यात याची पहिली नोंद झाली, म्हणून काही बाबतीत पुण्याचं पहिलेपण डोंबिवलीकर विनातक्रार मान्य करतात. ते खाऊन संपवावं म्हणून १९८४ मध्ये मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे बंगळुरूकडे सोडण्यात आले. भुंगेरे अजून खातच आहेत, गवतही अजून आहेच.

चौथं झाड सहाव्या मजल्यावरून आलं. पाणथळीत वाढणारं, समोरासमोर पानं, पानांच्या बगलेत बारीक पांढरे गेंद. लांबून अगदी माका. पण ते माठाच्या कुळातलं निघालं. पाकळीचा पत्ता नाही, नुसत्याच कोरड्या चकत्या. ते आणणाऱ्या वहिनींनी हार न मानता त्याची भाजी होते का एवढं विचारून घेतलं.

पाचवं झाड वॉचमनने आणलं होतं. तो कुणाला काही न बोलता पंपाच्या खोलीमागून दोन काड्या घेऊन आला होता आणि सगळ्यांचं भांडण संपायची वाट पाहत उभा होता. तो माका होता.

या गोंधळात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. माठवालं सोडलं तर बाकी सगळे एकाच सूर्यफूल कुळातले चुलतभाऊ. शेवंती, झेंडू, सूर्यफूल हेही त्यातलेच; जगभर या कुळाच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. यांचं फूल म्हणजे एकत्र कुटुंब. बाहेरून घर एकच दिसतं, आत गेल्यावर कळतं की चुली पन्नास आहेत. आपण ज्याला पाकळी म्हणतो ते एक आख्खं फूल असतं आणि मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका म्हणजे आणखी एक फूल. माक्याच्या नखाएवढ्या फुलात अशी कितीतरी फुलं दाटीवाटीने नांदतात. कडेच्या पांढऱ्या पाकळ्या इतक्या बारीक आणि तोकड्या, की चष्मा न लावता बघणाऱ्याला तिथे नुसती झालर दिसते. फूल सरलं की उरते हिरवी चपटी गुंडी, तीत बिया खच्चून बसवलेल्या. एकदांडीच्या बीला उडायला पिसांचा झुपका असतो. माक्याच्या बीला तसलं काही नाही. ते पडतं, पाण्याबरोबर वाहतं, चिखलाबरोबर कुणाच्या तरी चपलेला लागून जातं.

पानं समोरासमोर, लांबट, जवळजवळ देठाविना. त्यांच्यावर ताठ, दाबून बसवलेले पांढरे केस. बोट फिरवलं की खरखर लागते. खोडही तसंच खरखरीत, बहुधा लालसर. फूल पानाच्या बगलेतून बारक्या देठावर निघतं, एकदांडीसारखं सगळ्यांच्या डोक्यावरून मान काढत नाही. एवढं सगळं जमून आलं तरी सोसायटीत कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून शेवटची परीक्षा. खोड चुरगाळा आणि थांबा. माका असेल तर हिरवा रस बघता बघता काळवंडतो. हाच तो काळेपणा, ज्यासाठी पूर्वी केस रंगवायला आणि गोंदायला माक्याचा रस वापरत.

वॉचमनच्या काडीची परीक्षा सर्वांनी एकाच वेळी आणि स्वतंत्रपणे घ्यायची असं ठरलं, कारण दुसऱ्याच्या बोटावर विश्वास नव्हता. ती दोन खोडं अकरा लोकांनी चुरगाळली. झाड खरं ठरलं आणि संपलंही. दुसऱ्या दिवशी आयटीतल्या मुलाला ऑफिसात सहकाऱ्यांनी विचारलं म्हणे, "तुमच्याकडे पोटनिवडणूक होती काय रे?"

खरं तर माणसाला माक्याची गाठ वर्षातून एकदा हमखास पडायला हवी, ती गणेशचतुर्थीला. एकवीस पत्रींच्या यादीत मालतीच्या लगोलग माका येतो. पण पत्रीची जुडी आपण कुठून आणतो? स्टेशनाबाहेरच्या टोपलीतून. त्या जुडीत दूर्वा ओळखू येतात, आघाडा कपड्याला चिकटला तर ओळखू येतो, बाकी सगळा हिरवा पाला. गुरुजी घाईत असतात, त्यांना पुढची आठ घरं करायची असतात. ते 'भृंगराजपत्रं' म्हणतात आणि यजमान जुडीतून हाताला लागेल ते पान उचलून वाहतो. गणपती ते निमूट स्वीकारतो. माझा अंदाज असा, की डोंबिवलीतल्या गणपतींना गेली कित्येक वर्षं माक्याच्या नावाखाली गाजरगवत जातंय. त्यांनी सोंड आत वळवून घेण्याचं खरं कारण हेही असू शकेल.

चतुर्थी सरते, पितृपक्ष येतो, तेव्हा श्राद्धाला पुन्हा माका लागतो. म्हणजे देव आणि पितर दोघांनाही तो हवा, आणि मधल्या पिढीला तो ओळखू येत नाही.

असो. ओळख पटली, आता लावायचा. इथून पुढे माक्याचा खरा स्वभाव दिसतो.

माका हे तण आहे. भाताच्या खाचरात, पाटाच्या कडेला, गळक्या नळाखाली, जिथे ओल आणि ऊन दोन्ही आहे तिथे तो न विचारता येतो. शेतकरी त्याला शिव्या देत उपटतो. त्याचं बी हजारोंनी पडतं, खोड ओल्या मातीला टेकलं की प्रत्येक पेरावर मुळं फुटतात. एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल, याला वाढवायला काय लागतं? कुणी न वाढवणं लागतं. आणि सोसायटीत नेमकं तेच जमत नाही.

काका प्रथम नर्सरीत गेले. नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, तण कोण ठेवतं? सकाळीच कुंडीतून उपटून टाकला बघा." आणि मग काकांचा उतरलेला चेहरा पाहून, "पण भृंगराज आहे." त्याने काळ्या पिशवीतली वेडेलिया काढून दिली. वर पट्टीवर स्केच पेनने 'भृंगराज (केसांसाठी)' असं लिहिलं. काका परतले आणि काकूंचा चेहरा उजळला, कारण त्यांच्या दुभाजकाला आता व्यापारी मान्यता मिळाली होती.

यावर पंधरा दिवस वाद चालला. आणि गंमत म्हणजे काकूंची बाजू तितकीशी पोकळ नव्हती. पिवळ्या फुलांचा माका खरोखर असतो. तो वेडेलियाचा इथलाच भाऊ आहे. ओलसर बांधांवर वाढतो, दुभाजकावर नाही. जुन्या निघंटूंमध्ये पांढऱ्या भृंगराजासोबत पिवळ्याचा आणि निळ्याचाही उल्लेख येतो. १९५६ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिवळ्या माक्यातल्या एका द्रव्याची रचना शोधून काढली आणि त्याला वेडेलोलॅक्टोन असं नाव पडलं. तेच द्रव्य पांढऱ्या माक्यातही सापडलं. म्हणजे या दोघांचं आतून काहीतरी साटंलोटं आहे. हे मी एकदा सभेत सांगितलं. त्यावर काका म्हणाले, "मग निळा कुठाय?" तेव्हापासून मी रसायनशास्त्रावर बोलत नाही.

नावाचा घोळ तर फार वरपासूनचा आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची शिस्त लावणाऱ्या लिनिअसनेच १७५३ च्या आपल्या ग्रंथात माक्याला दोन वेगळ्या वनस्पती समजून दोन ठिकाणी नोंदवलं, एकदा पांढरा म्हणून आणि एकदा आडवा पसरणारा म्हणून. पुढे दोन्ही एकच ठरले. आज शास्त्रात 'एक्लिप्टा प्रोस्ट्राटा' चालतं, बाटल्यांवर 'एक्लिप्टा अल्बा' चालतं. स्वीडनमध्ये बसून लिनिअस घोटाळा करू शकतो, तर स्टेशन रोडवरच्या टोपलीवाल्या मावशींकडून अपेक्षा काय ठेवायची?

मागच्या पट्टीवर सोसायटीने 'भृंगराज' अशी पाटी लावली. तिच्यावर पेंटरने आधी 'अल्बा' लिहिलं. काकांनी रात्री कुणी नसताना जाऊन ते खोडलं आणि 'प्रोस्ट्राटा' केलं. सेक्रेटरींनी पेंटरचे पैसे आधीच दिले होते, त्यांनी ते पुन्हा अल्बा करवून घेतलं. काही दिवस पाटीवर दोन्ही नावं, दोन रंगांत, एकावर एक अशी होती आणि त्याखाली अजून काहीच उगवलेलं नव्हतं.

बी पेरायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. वॉचमनला सांगून पंपाच्या खोलीमागच्या उरलेल्या झाडाच्या पिकलेल्या गुंड्या आणवल्या. मग पट्टीवर वाफा केला. शेणखत, कोकोपीट, नीमपेंड, वर पुन्हा बारीक माती. बी दोन बोटं खोल. वर गवताचं आच्छादन, उन्हाचा ताप नको म्हणून. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. मुलाची मुंज केली असती तरी इतका सोहळा झाला नसता.

काहीही उगवलं नाही.

कारण माक्याच्या बीला रुजायला उजेड लागतो. ते मातीच्या वर उघडं पडलं तर फुटतं. अर्धा सेंटिमीटर जरी माती त्याच्यावर घातली तरी ते झोपून राहतं आणि नांगर किंवा कुदळ येऊन त्याला वर काढेल याची वाट बघतं. काकांनी ते दोन बोटं पुरलं होतं आणि वर पांघरूणही घातलं होतं. हे सगळं वाचून मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "बी उघडं ठेवायचं? पावसाने वाहून जाईल की." मी म्हटलं, "काका, त्याला तेच हवंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आणखी नीमपेंड घातली.

ते बी खरोखरच वाहून गेलं होतं, निदान जे गुंड्या नेताना सांडलं ते. श्रावणात पार्किंगच्या चिरेबंदी फरशांच्या फटींतून माका उगवला. पहिल्या मजल्यावरच्या एसीचं पाणी जिथे ठिबकतं तिथे उगवला. एका घराच्या खिडकीत महागडं बोन्साय होतं, त्याच्या कुंडीत तो बोन्सायपेक्षा उंच झाला. सेक्रेटरींच्या मुलाच्या स्कूटरच्या मडगार्डाखाली साचलेल्या चिखलातही एक कोंब होता, पण ती स्कूटर वर्षभर हलली नव्हती हे त्यातून उघड झालं आणि घरात वेगळंच भांडण लागलं. सगळीकडे माका होता. फक्त 'भृंगराज' या पाटीखाली नव्हता. तिथे एकदांडी आली होती.

काकांनी फरशांतले माके खुरप्याने काढून वाफ्यात लावायला घेतले. नेमकी त्याच शनिवारी स्वच्छता मोहीम होती. सोसायटीने लावलेल्या पोरांनी सांगितल्याप्रमाणे 'सगळं गवत' काढलं आणि पाटीखालचं हिरवं म्हणून एकदांडी तेवढी सांभाळून ठेवली, वर तिला पाणीही घातलं. काका नुसते उभे होते. त्यांच्या हातात तीन माके होते, मुळांना अजून पार्किंगमधली वाळू लागलेली.

ते तीन जगले. म्हणजे काकांनी त्यांना लावलं आणि नंतर त्यांना मुलाकडे बंगळुरूला जावं लागलं, म्हणून ते जगले. दोन महिने त्यांच्यावर कुणीही प्रेम केलं नाही. पंपाचा पाइप गळत होता, वाफा कायम ओला राहिला. खोडं आडवी पडली, पेरापेरातून मुळं सुटली, बी पडलं, बीतून आणखी झाडं आली. दिवाळीपर्यंत पाटीखाली गुडघ्याएवढं माक्याचं रान माजलं. पांढऱ्या झालरीची बारकी बारकी फुलं. दोन्ही लॅटिन नावं त्याच्या मागे झाकली गेली, त्यामुळे तोही वाद मिटला.

आता प्रश्न होता तेलाचा. काका परत येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये लिहून चिकटवलं. त्यात मजेशीर भाग असा, की ते तेल खरंच चालतं का याची चौकशी कुणीच केली नव्हती. ती आयटीतल्या मुलाने केली. त्याने ग्रुपवर एक शोधनिबंध टाकला. उंदरांची पाठ भादरून तिच्यावर माक्याचा अर्क लावला तर केस लवकर उगवतात असं त्यात होतं. तुलनेला टकलावरचं ते नेहमीचं औषधही ठेवलं होतं. सोसायटीत उत्साहाची लाट आली. मग काकूंनी शंका काढली, "पण उंदरांचे केस मुळात गळले होते का? भादरले तर येणारच की. आमच्या नातवाचं जावळ काढलं तेव्हा आम्ही काही लावलं नव्हतं." शंका रास्त होती. माणसाच्या टकलाबद्दल इतक्या ठामपणे बोलायला शास्त्र अजून तयार नाही. शास्त्राला तेवढा धीर असतो, चाळिशीतल्या माणसाला नसतो. ग्रुपवर कुणीतरी सुचवलं, की आधी उंदरांवर प्रयोग करू, आपल्या तळघरात आहेतच.

काका आले. दुसऱ्या दिवशी कढई चढणार होती. तीळतेल आलं होतं, मापं ठरली होती, सोळा घरांतल्या माणसांनी रिकाम्या बाटल्यांवर नावं लिहून ठेवली होती. सकाळी सात वाजता सगळे वाफ्यापाशी जमले तेव्हा तिथे खुंट होते. सगळा माका वरून व्यवस्थित खुडून नेलेला. मुळं शाबूत, पाटी जागच्या जागी, नावं पुन्हा दिसू लागलेली.

सीसीटीव्ही पाहायचा का पोलिसात जायचं यावर चर्चा चालू असताना तळमजल्यावरच्या मामी बाहेर आल्या. मामी मूळच्या तंजावरकडच्या, गेली तीस वर्षं डोंबिवलीत. वाफा त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच. हातात झाकण ठेवलेलं पातेलं. "इतका छान करिसलांगण्णी आला होता," त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक बघत पण नाही. म्हातारा होऊन कडू झाला असता. म्हणून काल संध्याकाळी तोडला."

कुणाला काही समजेना. मामींनी झाकण काढलं. मूगडाळ घालून परतलेली गडद हिरवी भाजी, वर मोहरी आणि खोबरं. तामिळनाडूत माका पालेभाजी म्हणून खातात, आणि आम्ही वर्षभर त्याच्यावरून लॅटिनमध्ये भांडत होतो. मामींनी प्रत्येक घराला वाटी वाटी दिली. काहींनी त्याच रिकाम्या बाटल्या पुढे केल्या.

चव तुरट-कडसर होती, पण गरम भातावर तूप घालून उतरत होती. बँकवाले काका कुणाशी न बोलता जेवले. त्यांनी मामींकडून दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग तिसऱ्यांदा. पातेल्याच्या तळाशी थोडा काळपट हिरवा रस राहिला होता. त्यांनी तो जरा वेळ निरखला, मग आवाज खाली आणून विचारलं, "मामी, हा जो उरलाय, तो डोक्याला लावला तर चालेल का हो?"